डाउनलोडमधले आवाज

अण्णा, आज तुमचा कॉम्प्युटर साफ करायला बसले होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण भूमच्या घरात तो अजून खिडकीजवळच आहे. आई आता त्यावर मावशीला व्हिडिओ कॉल लावते. परवा तिचा फोन आला, "कॉल मधीच अडकतोय गं. तुझी मावशी तोंड उघडून तशीच बसलेली दिसती. येऊन बघ जरा." म्हणून धाराशिवहून सकाळच्या गाडीनं आले. बघते तर डिस्क गच्च भरलेली. डाउनलोडचा फोल्डर उघडला, तर त्यात सगळे तुम्ही उतरवलेले आवाज.

बस स्टँडवर गाड्या पुकारण्यात तुमची सगळी नोकरी सरली. माईक बंद पडला तरी तुमचं पुकारणं शेवटच्या फलाटापर्यंत जायचं, आणि बाजाराच्या दिवशी बायका ते ऐकूनच पिशव्या उचलायच्या. रिटायर झालात आणि घशात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी तुम्हाला समोर बसवून विचारलं, स्वरयंत्र काढावं लागेल, काढू का? तुम्ही आईकडं बघितलंत आणि होकार दिलात. मग काही महिन्यांनी मी हा कॉम्प्युटर आणला, मराठी टाइप करायला शिकवलं, आणि लिहिलेलं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम टाकून दिला. त्यात आवाज बाईचाच होता. पहिल्याच दिवशी आई स्वयंपाकघरात भाकरी थापतेय, आणि बाहेरच्या खोलीतून कुणी तरणी बाई म्हणते, "वाढ लवकर, लई भूक लागली." आई आधी पोट धरून हसते. मग बराच वेळ बाहेर येत नाही. मी जाऊन बघते, तर तव्यावरची भाकरी करपलेली आणि तिचा पदर डोळ्यांना.

त्यानंतर तुम्ही पुरुषाचा आवाज शोधायला लागलात. दिसेल तो प्रोग्रॅम उतरवायचा. एक मराठी वाचायचा, पण हिंदी बातम्या दिल्यासारखा. एकाला 'ळ' म्हणताच यायचा नाही. नको असलेला प्रोग्रॅम तुम्ही स्क्रीनवरचं चिन्ह पुसून काढायचात आणि तो गेला असं समजायचात. पण प्रोग्रॅम आत तसाच राहायचा. मशीन कण्हायला लागलं, तेव्हा मी आले. चिन्ह पुसून काही जात नाही अण्णा, कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करावं लागतं, असं सांगत मी सरळ एक काढूनच टाकला. तुम्ही टेबलावर जोरात हात आपटलात. कीबोर्ड ओढून घेतलात. तुम्ही रागानं बटणं बडवलीत आणि मशीन मात्र अगदी शांतपणे म्हणालं, "न इचारता काढायचं न्हाय. डॉक्टरनं बी इचारलं व्हतं."

मी काढलेला तो आवाज तुम्हाला आवडत होता का, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढं तुम्ही एका जाडसर, थोड्या थकलेल्या आवाजावर थांबलात, आणि शेवटपर्यंत त्यातूनच बोललात.

आज मी आईला शेजारी बसवून घेतलं. आधी सेटअपच्या फायली पुसल्या. मग एकेका प्रोग्रॅमवर थांबून तिला विचारत गेले, हा काढू का? ती शेंगा सोलत "काढ" म्हणत होती. शेवटी तुमचा तो जाडसर आवाज राहिला. माझा हात थांबला. म्हटलं, "आई, हा राहू दे. अण्णांचा आहे."

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. "त्यो कुठला ह्यांचा? ह्यांचा आवाज माझ्या कानात हाय. रोज सकाळी हाक मारत्यात. हे मशीन बोलायला लागलं की त्यो दबायचा. काढ, बाई."

मी काढला. आता कॉल नीट लागतो. मावशी हलते, बोलते. दुपारभर दोघी बहिणी हसत होत्या, आणि मी मागच्या दारात बसून हे लिहीत होते. पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायची हिंमत नाही.

कारण तिला वाटतं तुमचा आवाज माझ्याही कानात आहे. "तुझ्या बी कानात हाय न्हवं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी मान डोलावली. पण अण्णा, तुम्ही मला लहानपणी कशी हाक मारायचात ते आठवायला बसले, की तेव्हाही ते मशीनच बोलतं.