जळकी हुग्गी आणि धुळीची सर्दी

पालम, दवाखान्यावरची खोली

तीर्थरूप सांबप्पामामा आणि चन्नबसम्मामामी यांना भाचा शिवप्रकाश याचे दुरूनच शरणार्थ. मी इकडे खुशाल नाही आणि तुमची खुशाली विचारायला तोंडही नाही, तरी विचारतो. फोन करणार होतो, पण दोन वाक्यांत मला खोकला येतो आणि तिसऱ्यात तुम्ही मलाच औषध विचारता. म्हणून कागदावर लिहितोय. तुमची सून राजेश्री खिडकीतून याचा फोटो काढून तुमच्या मोबाइलवर पाठवेल (कागद तुमच्यापर्यंत येणार नाही, घाबरू नका).

गेल्या आठवड्यात अंग कसकसत होतं. पेशंट असता तर मी त्याला लगेच तपासणीला पाठवलं असतं. माझ्या खुर्चीमागं 'ताप, खोकला अंगावर काढू नका' असा फलक आहे (अक्षरं मीच मोठी करून घेतली होती), त्याच्याखाली बसून मी तापाची गोळी गिळत होतो. लोक दिवसभर माझ्या तोंडासमोर खोकतात, व्हायचं असतं तर पहिल्या लाटेतच झालं असतं, अशी माझी समजूत. शिवाय दवाखाना बंद ठेवला की गाव म्हणणार, डॉक्टरलाच कोरोना झाला. मग स्पिरिटचा वास येईनासा झाला. तेव्हा तरी कळावं की नाही? मी बाटली घेऊन समोरच्या औषध दुकानात गेलो आणि नकली माल विकतोस म्हणून महारुद्रला चार लोकांत झापलं. त्या बिचाऱ्यानं दुसरी बाटली उघडली. तिलाही वास नाही, म्हणून मी तीही नकली ठरवली.

अशा अवस्थेत मी पिंगळीला, तुमच्या लेकीच्या, आपल्या शिवरंजनीच्या साखरपुड्याला आलो. मामींनी पहाटेपासून ढवळलेली गव्हाची गोड हुग्गी ऐन गडबडीत तळाला लागली, हे मी सोडून अख्ख्या मांडवाला कळलं होतं. व्याह्यांनी वाटी हळूच बाजूला सारली होती, मामी डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या, आणि मी मोठ्यानं सांगत होतो की अशी हुग्गी परभणीतसुद्धा मिळत नाही, अजून वाढा. मामींना वाटलं, मी व्याह्यांपुढं त्यांची थट्टा करतोय. मामी, शपथेवर सांगतो, ती गोड आहे की जळकी, माझ्या जिभेला काहीच कळत नव्हतं. तुमचं मन राखायला बोललो (आणि नेमकं तेच मोडलं).

तेवढ्यात व्याही माझ्याकडं वाकून म्हणाले, "डाक्टर, तुमाला जळका वास येईना का?"

मामा, त्या क्षणी मला कळलं. पंगतीतून उठायला हवं होतं. पण सगळे बघत होते, आणि मी म्हणालो, "धुळीची सर्दी हाय." तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून व्याह्यांना सांगितलंत, "आमचा भाचा लय मोठा डाक्टर हाय. त्यानं सर्दी म्हणलं म्हंजी सर्दीच." त्या हातानंतर मला उठता आलं नाही. मी तसाच जेवत बसलो, सगळ्यांना खेटून.

दुसऱ्या दिवशी तपासणी केली आणि जे यायचं तेच आलं. राजेश्रीनं माझी खाट वर हलवली. खाली दवाखान्याला कुलूप आहे, आणि येणारा प्रत्येक पेशंट वर बघून माझाच फलक मला मोठ्यानं ऐकवतो. व्याह्यांना मी स्वतः फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "इचारलं तवाच सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्यांच्या घरात सगळे ठीक निघाले, सोयरीक शाबूत आहे. त्यांनी मला लग्नाला बोलावलं आहे, जेवायला वेगळं बसवणार म्हणाले.

आपला, मान खाली घालून,
शिवप्रकाश

ता. क. मामींनी हे पत्र आधी वाचलं तरी चालेल.

आणखी एक ता. क. शिवरंजनीनं राजेश्रीला फोन केला होता. तुम्ही कालपासून तापानं फणफणताय, आणि तपासणीला चला म्हटलं की म्हणताय, "भाचा डाक्टर असताना परभणीला कशाला जायचं?" मामा, एवढं लांबलचक लिहिलं ते फक्त यासाठी. तुमचा भाचा त्या दिवशी भर पंगतीत खोटं बोलला. शिवरंजनीनं ऑटो बोलावलाय. माझ्यावरचा भरवसा आजच्या दिवस घरीच ठेवा, आणि तोंडाला मास्क लावून त्यात बसा.