स्क्रीन सापडत नाही

पाचोड, ४ नोव्हेंबर २०२५

चि. रूपास सखारामकाकाचे आशीर्वाद आणि जयभीम.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि माझा फोनही बटणांचा, म्हणून हे पत्र रोज वाळूजला येजा करणाऱ्या धोंडिबाच्या हाती. तू दिलेला कॉम्प्युटर काल सकाळपासून रुसला आहे. चालू केला की काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं धावतात आणि शेवटी म्हणतो, स्क्रीन सापडत नाही. मग माझ्या नाकासमोर आहे ती काय आहे? चौतीस वर्षं पोरं शिकवली, पण इतका निगरगट्ट विद्यार्थी पाहिला नाही.

हसण्यावारी नेऊ नकोस. सोमवारी तुझ्या काकूच्या घशाचं ऑपरेशन आहे. स्वरयंत्रच काढणार, त्यानंतर आवाज नाही, हे डॉक्टरांनी मला कागदावर लिहून दाखवलं. तिच्या हकिकतीचे अकरा भाग मी तिच्याच आवाजात त्यात भरले आहेत. बारावा राहिला आहे. ते अकरा गेले तर मी मुक्ताला काय तोंड दाखवू? सुट्टी मिळाली तर ये.

तुझा काका


बजाजनगर (वाळूज), ५ नोव्हेंबर

ती. काकांना रूपाचा सप्रेम जयभीम. काकूंना नमस्कार.

साहेबांना दोनदा विचारलं. कंपनीत सगळ्या मशीन खोलून ठेवल्या आहेत, सोमवारच्या आधी सुट्टी मिळणार नाही म्हणाले. माझा जीव तिथंच अडकला आहे, पण इथून जे होईल ते करते.

आधी घाबरणं सोडा. अकरा भाग आत जिथल्या तिथं आहेत. कॉम्प्युटर ज्यावर चालतो ते लिनक्स सुरू होतंय, फक्त चित्र दाखवणारा त्याचा भाग बंद पडलाय. सोबतच्या चिठ्ठीवरची ओळ जशीच्या तशी टाइप करा. मग बऱ्याच ओळी येतील. त्यांत सुरुवातीला कंसात दोन ई असतील तेवढ्या उतरवून पाठवा. आणि कोणी विंडोज टाकून देतो म्हणालं तर हात लावू देऊ नका. तो आधी सगळं पुसेल.

तुमची रूपा


पाचोड, ६ नोव्हेंबर

चि. रूपास आशीर्वाद.

ओळी उतरवल्या, दोनदा ताडून पाहिल्या. एकाही ओळीचा अर्थ लागला नाही. कॉम्प्युटरला कोणी हात लावलेला नाही, हे आधीच सांगतो. तुझ्या काकूने त्याला खोळ शिवली आहे, ती मीच काढतो आणि मीच घालतो.

खरं सांगू का, माझा धीर सुटत चालला आहे. मुक्ताला आता पेजही उतरत नाही. परवा एक वाक्य बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं, ते मला तिच्या ओठांवरून कळलं. गुलमंडीतला एक दुरुस्तीवाला शनिवारी दुपारी बाराला येतो आहे. तासाभरात नवं करून देतो म्हणतो. तुझ्या चिठ्ठ्यांनी होणार नसेल तर मी त्याला अडवणार नाही. रागावू नकोस.

काका


बजाजनगर, ७ नोव्हेंबर

ती. काकांना जयभीम.

रागावलेच आहे. तो माणूस नवं करील म्हणजे काकूंचे अकरा भाग पुसून टाकील. त्याला दारातूनच परत पाठवा, पाया पडते.

तुम्ही उतरवलेल्या ओळींत सगळं आहे. स्क्रीनसाठी मी एक वेगळं कार्ड बसवलं होतं, छोटा पंखा असलेलं. कॉम्प्युटर तेच शोधतोय आणि ते त्याला सापडत नाही. काका, कॉम्प्युटरचा डबा कोणीतरी उघडलाय. कोणी, ते नंतर बघू. कार्ड जागेवर नसेल तर दुसरी चिठ्ठी वापरा. तिच्यातल्या पहिल्या ओळीने जुन्या कार्डाची नोंद असलेली फाइल बाजूला सरेल, दुसरीने कॉम्प्युटर पुन्हा सुरू होईल. मग तो आपला आपण स्क्रीन शोधील. कार्ड जागेवर असेल तर काही करू नका, धोंडिबाकडून लगेच कळवा.

तुमची रूपा


पाचोड, ८ नोव्हेंबर

लाडक्या रूपास मुक्ताकाकूचा जयभीम.

पोरी, डबा मी उघडवला. रविवारी तुझे काका विहारात गेले तेव्हा शेजारच्या अभयला बोलावून त्ये पंख्याचं कार्ड काढवलं. स्क्रीनची वायर दुसऱ्या भोकात लावली. कार्ड पिठाच्या डब्यामागं हाय. वाटलं, पंखाच तर जाईल.

त्या पंख्याची घरघर अकराच्या अकरा भागांत शिरली. माझा आवाज कमी न् घरघर लई. यांना ऐकू येत नाय. स्क्रीनवर रेघा हालल्या की यांना वाटतं झ्याक झालं. चार महिने रोज समोर बसले, कसं सांगू? शेवटचा भाग तरी नीट यावा म्हणून केलं न् सगळंच बंद पाडलं. चार दिवस मी भ्यानं बोलले नाय. काल तुझं पत्र मीच आधी वाचलं.

आज सकाळी अभयनं चिठ्ठी टाइप केली. दोन खेपा चुकली. तिसऱ्या खेपंला समदं चित्र आलं. दुरुस्तीवाल्याला चहा पाजून वाटंला लावलं. कार्डाचं यांना सांगितलं, घरघरीचं नाय. तू बी सांगू नको.

तुझी काकू


पाचोड, ९ नोव्हेंबर

चि. रूपास आशीर्वाद.

बारावा भाग झाला. मला तिने अंगणात बसवलं. तिथून खिडकीतून स्क्रीन दिसत होती. रेघा बारीक होत्या, मधे बराच वेळ सपाट, पण चालत राहिल्या. तिला विचारलं काय बोललीस, तर हात हलवून मला गप्प केलं. बाराही भागांचा पेनड्राइव्ह सोबत आहे. बारावा तू ऐक आणि मला लिहून दे. एकही शब्द गाळू नकोस.

काका


छत्रपती संभाजीनगर, १२ नोव्हेंबर

ती. काकांना जयभीम.

हे पत्र मीच वॉर्डात तुमच्या हाती देते आहे. काकू झोपल्या आहेत, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक झालं.

बाराही भाग ऐकले. पहिले अकरा तुम्ही छान घेतलेत, शब्द न् शब्द कळतो. त्यांत काकू तुम्हाला मास्तर म्हणतात, नाहीतर नुसतं हे. बारावा सगळा उतरवून सोबत जोडला आहे. मला तो एका दमात लिहिता आला नाही.

तो तुमच्या नावानं सुरू होतो. सखाराम, असं म्हणतात आणि थांबतात. मग हसतात आणि सांगतात, बेचाळीस वर्षांत नाव घेतलं नाही, तुम्हाला ऐकू येत असतं तर आजही घेता आलं नसतं. त्यानंतर प्रत्येक वाक्य त्या तुमच्या नावानंच सुरू करतात. काका, तुम्ही ते वाचा, पण मनातल्या मनात नको. काकू जाग्या झाल्या की मोठ्यानं वाचा. त्यांना ऐकू येतं.

तुमची रूपा