चिमणीवरचा अँटेना

वेस्ट विंडसर
१४ जानेवारी १९८५

चि. श्रीरंगभावजींस अ. आ.

खुशाली विचारायची इच्छा नाही, म्हणून मुद्द्यावरच येते. सुमेधा तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. आठवडाभर तिचं डोकं दुखत होतं, ओकाऱ्या होत होत्या, आणि आम्ही आपले फ्लू समजून बसलो. शनिवारी ती उठवून उठेना. उन्हाळ्यात तुम्ही आमच्या चिमणीला पट्टे आवळून तुमच्या दादांच्या हॅम रेडिओचा, म्हणजे त्या हौशी वायरलेसचा, अँटेना उभा केलात. वाऱ्यात अँटेनाचा पाइप हलून हलून विटा सुटल्या, चिमणीच्या आत पडून धुराची वाट बुजली, आणि घर गरम करणाऱ्या फर्नेसचा विषारी वायू घरात भरला. त्याला वाससुद्धा नसतो.

हे म्हणतात, चिमणीला काही होत नाही असं तुम्ही ठासून सांगितलंत. सात वर्षांची पोर म्हणजे तुमच्या युनिव्हर्सिटीतली लॅब नव्हे. पुन्हा आमच्या दारात येऊ नका.

लोभ उरला असता तर तोही लिहिला असता.

नीला

ॲन आर्बर
२१ जानेवारी १९८५

ती. सौ. नीलावहिनींस सा. न. वि. वि.

घरची पत्रं दादा आधी फोडतो, म्हणून हे तुम्ही काम करता त्या लायब्ररीच्या पत्त्यावर पाठवतोय. मी अंगणात वेगळा खांब पुरायला सांगत होतो. दादा म्हणाला, चिमणी आयती उभी आहे, शहाणपणा शिकवू नकोस. नोव्हेंबरात चिमणी साफ करणाऱ्याने अँटेना उतरवा, दुरुस्तीशिवाय फर्नेस लावू नका, असं लिहून दिलं होतं. दादाने फोनवर मला ते हसत वाचून दाखवलं. हिवाळ्यातली रेडिओची स्पर्धा झाली की उतरवतो म्हणाला. कागद त्याच्या रेडिओच्या वहीत असेल. तुम्ही मात्र मलाच गुन्हेगार ठरवलंत.

रागावा, पण मला परकं करू नका.

आपला श्रीरंग

वेस्ट विंडसर
२९ जानेवारी १९८५

श्रीरंगभावजी,

कागद वहीतच सापडला. यांना विचारलं, तर म्हणाले, तो माणूस पैसे काढायला घाबरवत होता. सुमेधाला घेऊन मी माझ्या मैत्रिणीकडे, संध्याकडे, आले आहे. परत कधी जाईन, जाईन की नाही, ठाऊक नाही.

तुमची माफी मागेन असं वाटलं असेल, तर तसं होणार नाही. नोव्हेंबरात हे तुम्हालाही कळलं होतं. आता स्वतःवर आलं तेव्हा लायब्ररीचा पत्ता बरा आठवला. सुमेधा त्या घरात झोपत होती तेव्हा का नाही आठवला?

नीला