कडक डोहाळे

आई, धाकट्याच्या वेळी तुला कडक डोहाळे लागले होते, असंच वडगावात अजून सगळे सांगतात. मी तेव्हा दुसरीत होते. तू चुलीपुढे बसलेली असतेस, तव्यावर भाकरी करपते आणि तू नुसती बघत राहतेस. वास ओसरीपर्यंत येतो, तुला मात्र येत नाही. आजी विचारते, "काय खाऊ वाटतं ते तरी सांग. चिच आणू का?" तू मान हलवतेस. मग आळीतल्या बायका पदराखालून कैऱ्या आणतात, कुणी भाजकी माती आणतं. गरवारशीचं मन मारायचं नाही म्हणून सगळ्या राबत होत्या, पण तुला कशाचीच इच्छा उरली नव्हती हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. जीव लावत होत्या बिचाऱ्या, फक्त दुखणं वेगळं होतं. धाकटा झाला तरी तू त्याला मांडीवर घेतलं नाहीस, आजीनंच वाढवला. तो शाळेत जायच्या आधीच तू काविळीनं गेलीस. आता तो मला तुझ्याबद्दल विचारतो, आणि मी विषय बदलते.

मला सातवा लागलाय. मध्यंतरी इथं दौंडच्या घरी अंघोळीला गेले आणि बादली भरून वाहिली तरी तशीच उभी राहिले. ह्यांनी दार वाजवून बाहेर काढलं. तुझी करपणारी भाकरी आठवली आणि मी हादरले. दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे डोहाळे नाहीत. हे डिप्रेशन आहे. गरोदरपणातही होतं, आणि बरं होतं." त्यांनी मानसोपचारवाल्यांकडे पाठवलं. गोळीनं बाळाला काय होऊ शकतं आणि आजार अंगावर काढला तर काय, दोन्ही त्यांनी नीट समजावलं. आम्ही विचार करून गोळी सुरू केली. शिवाय दर आठवड्याला समुपदेशन.

सासूबाई भडकल्या. "पोटात लेकरू आन् डोक्याच्या गोळ्या? माझ्या घरात न्हाई चालायचं." पाकीट त्यांनी पिठाच्या डब्यामागे लपवलं. मी ते काढलं आणि त्यांच्यासमोरच गोळी घेतली. म्हटलं, "आत्या, शुगरची गोळी तुम्ही कवा बंद केली का?" आई, मला माझं बाळ माझ्या मांडीवर घ्यायचंय. त्यासाठी कुणाचा रुसवा सोसावा लागला तरी चालेल.

रविवारी डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी. बायकांनी घेरून विचारलं, "काय खाऊ वाटतं गं?" सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं. मी सांगून टाकलं, "काय बी खाऊ वाटत न्हाई. मला डिप्रेशन हाय. औषध चालू हाय, उतार पडतोय." सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. गोळी मात्र एकदाही चुकलेली नाही, आणि चुकणारही नाही.

हे पत्र कुठं टाकणार? समुपदेशन करणाऱ्या बाई म्हणतात, पोटावर हात ठेवून रोज बाळाशी थोडं बोलत जा. खरं सांगते आई, अजून एक शब्दही फुटलेला नाही. म्हणून आधी तुझ्याशी बोलून बघितलं.