एकवीस मार्चच्या आत

बुडापेस्ट,
सोमवार, १० मार्च २०२५

ती. बापूंच्या चरणी विद्युल्लताचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि शारजात व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. मिहिकाला मोठा करून दाखवायला सांगा. तुम्हीही तसंच लिहा. ह्यांना वाचायला द्यायचं की नाही, ते तुमच्यावर सोडते.

कुणाल इथे नाही, असं सांगतात.

मिहिकाने जानेवारीत भावाला इयरफोन पाठवले तेव्हा त्याने दिलेला पत्ता प्रवाशांच्या या हॉस्टेलचा होता, कॉलेजच्या वसतिगृहाचा नव्हता. तेव्हा आपल्या कोणाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जागा भर शहरात, ट्रामच्या रस्त्याला लागून आहे. एका खोलीत आठ जणांच्या दुमजली खाटा, मुलगे-मुली एकत्रच. खाटेला पडदा, पडद्याआड एक दिवा, पायाशी लोखंडी कपाट. कुलूप आपलं आपण आणायचं. मला खालची सहा नंबरची खाट दिली आहे, वरच्या खाटेवर ब्राझीलचा मुलगा आहे. आल्या आल्या छातीवर नावाची चिठ्ठी लावली. माझं नाव लिहायला जागा पुरेना, म्हणून सगळे आता मला ‘विद्यू’ म्हणतात. शाळेत एकाही मुलाची ही हिंमत झाली नसती.

काउंटरवर सफा नावाची मुलगी असते. सिरियाची, पण वाढली अजमानला. हिंदी फाडफाड बोलते. मी कुणालचा फोटो दाखवला. ती म्हणाली, की हा दोन आठवड्यांपूर्वी निघून गेला, कुठे ते माहीत नाही. बापू, एकवीस वर्षं मी वर्गात खोटं बोलणारी मुलं बघते आहे. ती बोलताना माझ्याकडे बघत नव्हती.

पोलिसांकडेही जाऊन आले. ते म्हणाले, मुलगा सज्ञान आहे, त्याला बोलायचं नसेल तर आम्ही काय करणार. फेब्रुवारीत ह्यांनी व्हिसाच्या सवलतीसाठी कॉलेजचा दाखला मागितला, तेव्हापासून त्याचा शब्द नाही. वीस तारखेला मिहिकाला पाठवलेला एक अंगठा, तेवढाच. तो बावीस सप्टेंबरला शारजातून निघाला. सहा महिने येत्या एकवीसला भरतात. दाखला नसेल तर त्याच्या आत तो यूएईत उतरायलाच हवा, नाहीतर व्हिसा रद्द. पण खरं सांगू, मला व्हिसाची भीती नाही. इथे नदी फार मोठी आहे. एवढंच लिहिते.

रक्तदाबाची गोळी विसरू नका.

तुमच्या आशीर्वादाची आज कधी नव्हे इतकी गरज असलेली,
विद्युल्लता


अल मजाज, शारजा,
११ मार्च

चि. सौ. विद्युल्लता हिस बापूंचे अ. उ. आ.

पत्र वाचलं. मिहिकाने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्या वेळी ती नदीचं वाक्य गाळून पुढे गेली. मीही ते ऐकलं नाही असं दाखवलं.

रमजानमुळे सूर्यकांतचं ऑफिस लवकर सुटतं. तो अबुधाबीहून पाचपर्यंत घरी येतो, गॅलरीत बसतो आणि खाडीकडे बघतो. तुझं पत्र मी त्याला दिलं. वाचून म्हणाला, की सापडला की त्याला सरळ कॉलेजात नेऊन सोड, फॅमिली ड्रामा नको. मिहिका तावातावाने इंग्रजीत काहीतरी बोलली. मला सगळं कळलं नाही, पण बोलली ते बरं केलं. तो उठून गेला. जेवला नाही.

बेटा, पोराची चूक असली तरी भेटल्यावर आधी त्याला रागावू नकोस. कदाचित त्याने कोणावर तरी भरवसा ठेवला असेल. आणखी लिहायचं होतं, पण आज हात चालत नाही. तू तिथे काय खातेस? तुझ्या डब्यातल्या दशम्या संपल्या असतील. उपाशी राहू नकोस.

तुझा शब्द येईपर्यंत डोळे मोबाइलकडे लावून बसलेला,
बापू


बुडापेस्ट,
गुरुवार, १३ मार्च

ती. बापूंस विद्युल्लताचा शि. सा. न. वि. वि.

आज कॉलेजात जाऊन आले. खिडकीतल्या बाईने आधी काही सांगायचं नाकारलं. माझ्या पासपोर्टवरचं आडनाव बघितलं, मी तिथून हलले नाही, तेव्हा ती एवढंच म्हणाली, की या नावाचा विद्यार्थी जानेवारीपासून आमच्याकडे नाही. मी तिचे आभार मानून बाहेर आले आणि पायरीवर बसले. जानेवारी, बापू! त्यानंतरही महिनाभर तो आपल्याशी कॉलेजातल्या गमती बोलत होता.

इथे रोज संध्याकाळी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. कोणी कांदा चिरतं, कोणी भांडी घासतं, पाच देशांची माणसं एका टेबलाशी. मला बटाटे सोलायला दिले होते. हसत होते, माझी चौकशी करत होते, एकीने तर स्वतःच्या आईला फोनवर मला दाखवलं. पण मी कुणालचं नाव काढलं की टेबल गप्प. ब्राझीलचा मुलगा ताटाकडे बघत राहिला. ही सगळी चांगली मुलं आहेत आणि सगळी मिळून माझ्यापासून काहीतरी लपवताहेत. त्याला जिच्यापासून जपायचं ती बाई मी आहे, हे कळलं आणि मी ताट घेऊन उठले.

आणि एक गोष्ट. इथे तिसऱ्या दिवशी चादर बदलतात. दुपारी परत आले तेव्हा सगळ्यांची पांघरुणं नुसती घडी करून पायाशी ठेवलेली. माझ्या पांघरुणाची मात्र तीन पदरी घडी, आणि उशी त्या घडीच्या आत सारलेली. तुम्ही घालता तशी. आपल्या घराबाहेर मी अशी घडी कुठे पाहिलेली नाही.

मी कोणाला काही बोलले नाही. इथले लोक अकरा वाजता खोल्या आवरायला येतात. उद्या ते येत नाहीत, परवा येतात. परवा मी बाहेर जाते असं सांगून पडद्याआड बसून राहणार आहे.

नाव कमी झाल्याचं घरात कोणालाच कसं कळलं नाही, याचा विचार डोक्यातून जात नाही.

काळजीने अर्धी झालेली,
विद्युल्लता


अल मजाज,
१४ मार्च

चि. सौ. विद्युल्लता हिस आशीर्वाद. आज ते देण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही.

मला कळलं होतं.

जानेवारीच्या अकरा तारखेला कुणालने मला टॅबवर पत्र लिहिलं. ॲनाटॉमीत तिसऱ्यांदा गेलो, कॉलेजने काढून टाकलं, माझ्याने बाबांना सांगवत नाही, तुम्ही सांगा, असं. मी उलट लिहिलं, की घाबरू नकोस, बापू आहे ना, मी सांगतो. आणि नाही सांगितलं. सूर्या अबुधाबीहून दमून यायचा, मी म्हणायचो, आज नको, शुक्रवारी सांगू. शुक्रवारी तो खुशीत असायचा, तेव्हा ती खुशी मोडवेना. असे पाच शुक्रवार गेले. मग सूर्याने दाखला मागितला. पोराला कळून चुकलं, की बापूंनीही तोंड उघडलं नाही. त्याने मला पुन्हा लिहिलं नाही. तू बॅग भरत होतीस तेव्हाही मी दारात उभा होतो आणि गप्प राहिलो.

आज रोजा सोडायची तोफ झाली, मिहिकाने चहा आणला, आणि मी सूर्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, की तुम्हाला केव्हापासून माहीत आहे. मी सांगितलं. तो ‘खलास’ एवढंच म्हणाला आणि खाली गेला. मिहिका गॅलरीतून बघत होती. तो गाडीत बसला होता, गाडी मात्र जागची हलली नाही. तासाभराने वर आला. माझ्यासमोरून सरळ आत गेला.

तू मला जे म्हणशील ते मी ऐकून घेईन. फक्त पोराला शोध.

बापू


बुडापेस्ट,
रविवार, १६ मार्च

ती. बापूंस सा. न.

तुमच्या पत्राला दोन दिवस उत्तर दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही. मी इथे रस्त्यारस्त्यावर पोरांचे चेहरे बघत फिरत होते आणि तुम्ही मला दशम्यांबद्दल विचारत होतात. त्यावर मी भेटल्यावर बोलेन, आज नाही.

कुणाल सापडला. धडधाकट आहे. हे आधी वाचा, मग पुढचं.

काल अकराला पडद्याआड बसले. खोली रिकामी झाली. मग चादरींची गाठोडी घेऊन कोणीतरी आलं. आधी लादी पुसली, मग एकेक खाट करत सहा नंबरपर्यंत आलं आणि पडदा सरकवला. दाढी वाढलेली, गळ्यात किल्ल्या. मला बघून तो पळाला नाही. गाठोडं तसंच पोटाशी धरून उभा राहिला. मग म्हणाला, की आई, पाय खाली नको टेकवू, लादी ओली आहे. मी टेकवले.

तो इथेच होता. तळघरात कपडे धुण्याच्या खोलीशेजारी राहतो. काम करतो, त्याबदल्यात खाट आणि जेवण. मी आले त्या दिवसापासून त्याला माहीत होतं. त्यानेच सफाला खोटं बोलायला लावलं. तो म्हणतो, की फेब्रुवारीत एक संध्याकाळ तो पुलावर बराच वेळ उभा होता. सफाचा फोन आला, की धोब्याची गाडी आली आहे, तुझ्याकडे किल्ल्या आहेत, ये. आणि तो किल्ल्या द्यायला परत आला. बापू, मी तिला मिठी मारली तेव्हा तीच जास्त रडली.

पण तो घरी यायचं नाव काढत नाही. जानेवारीच्या आधी ह्यांनी त्याला फोनवर सांगितलं होतं, की नापास झालास तर मला तोंड दाखवू नकोस. तो म्हणतो, मी बाबांचं ऐकलं. एकवीसच्या विमानात मी दोन जागा धरून ठेवल्या आहेत. मी ओढून नेऊ शकते, पण ज्याला ओढून नेलं तो पोचेल का?

हे पत्र ह्यांना द्याच. पूर्ण द्या.

विद्युल्लता


अल मजाज,
१७ मार्च

चि. कुणाल यास अ. आ.

मला पत्र लिहायची सवय नाही. साइटचे रिपोर्ट लिहितो, तसं मुद्देसूद लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. हा चौथा.

तोंड दाखवू नकोस, असं मी म्हणालो होतो. मला ते आठवतही नव्हतं. आईच्या पत्रात वाचलं तेव्हा गाडीतलं ते बोलणं आठवलं. ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, सब-काँट्रॅक्टर फोनवर होल्डवर होता, आणि मी तुला ते बोलून दुसरी लाइन घेतली. तू ते वाक्य घेऊन पुलावर गेलास.

मी ते वाक्य परत घेतो. घेता येतं की नाही माहीत नाही, पण घेतो.

एकवीस तारखेचं टेन्शन घेऊ नकोस. व्हिसा जाऊ दे. नवा काढता येतो. तारीख गाठायची म्हणून येऊ नकोस, यायचं वाटेल तेव्हा ये. डॉक्टर व्हायचं की नाही, तेही मी आज विचारत नाही. चादरी बदलतोस हे मी ऑफिसात अक्रमला सांगितलं. मला वाटलं लाज वाटेल. नाही वाटली.

तुला बघायची इच्छा असलेला,
बाबा


बुडापेस्ट,
२० मार्च

ती. बाबांस सा. न.

मराठीत लिहितोय, चुका झाल्या तर सॉरी. तुमचं लेटर मी लाँड्री रूममध्ये वाचलं. सफाला ट्रान्सलेट करून सांगायला गेलो आणि मधेच थांबलो.

मी उद्या येत नाही. आई म्हणाली, ठीक आहे, आणि तिने तिकिटं बदलली. ती रडली नाही, फक्त पर्समधला पासपोर्ट काढून परत ठेवला. उद्या माझा शारजाचा व्हिसा जाईल. मला भीती वाटतेय, पण डेडलाइनमुळे पळत आलो असतो तर मला नेहमी वाटलं असतं की मला पकडून आणलं. इथलं परमिट मंथएंडपर्यंत चालतं. अठ्ठावीसपर्यंत रोस्टरवर माझं नाव आहे, ते पूर्ण करतो. हे एक तरी काम मला पूर्ण करायचंय.

मग घरी येतो.

मला मेडिसिन नकोय, बाबा. काय हवंय ते अजून माहीत नाही. विचारलं नाहीत, थँक्यू.

तुमचा,
कुणाल


अल मजाज,
२४ मार्च

चि. सौ. विद्युल्लता हिस अ. उ. आ.

एकवीस तारीख गेली. त्या दिवशी सूर्या ऑफिसातून लवकर आला. गॅलरीत माझ्याशेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. एवढ्यावर मी समाधान मानलं.

काल त्याने कुणालसाठी व्हिजिट व्हिसाचा अर्ज भरला. लॅपटॉपवर जन्मस्थळ म्हणून ‘शारजा’ लिहिलं आणि हात थांबला. इथल्याच इस्पितळात तो त्याला पहिल्यांदा हातात घेऊन उभा होता, आणि आता त्याच पोराला पाहुणा म्हणून बोलवायचं. पुढे भेटीचं कारण विचारलं होतं. त्याने ‘घरी येणे’ असं टाइप केलं. मिहिका म्हणाली, बाबा, इट्स नॉट ॲन ऑप्शन, लिस्टमधूनच घ्यावं लागतं. तेव्हा यादीतून ‘नातेवाइकांची भेट’ निवडलं आणि डोळ्यांना रुमाल लावून आत गेला. आज व्हिसा आला.

तुम्ही शनिवारी उतराल, रविवारी पाडवा, आणि चंद्र दिसला तर त्याच दिवशी ईद. सूर्याने गुढीसाठी रेशमी खण शोधून ठेवला आहे, चुकीचा, टेबलक्लॉथ आहे तो. मी तोच नीट घडी करून ठेवला.

विमानतळावर सूर्या आणि मिहिका येणारच आहेत. मलाही यायचं आहे. पण मी त्या पोराला शब्द देऊन मोडला. तुझ्याशीही मी खोटा वागलो. म्हणून कुणालला विचार, मी आलेलं त्याला चालेल का. नको म्हणाला तर घरी थांबेन, आणि दार मी उघडणार नाही, मिहिका उघडेल.

उत्तराची वाट बघणारा,
बापू


बुडापेस्ट,
२५ मार्च

ती. बापूंना सा. न.

आईने लेटर दाखवलं. मी अजून तुमच्यावर रागावलोय, आणि तो राग शनिवारपर्यंत जाईल असं वाटत नाही.

तरी या. एअरपोर्टवर उभं राहावं लागतं, तुमचे गुडघे दुखतील. बाबांना सांगा, व्हीलचेअर मागून घ्यायची. मी ढकलेन.

कुणाल