ज्याचं पुस्तक त्याच्या पोटात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. पाठ धरल्यामुळे सध्या मी सगळ्यांनाच वाकून भेटतो, त्यामुळे दूधवालाही संकोचलाय.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला थांबला का? मी दुरुस्त करून पाठवलेलं तुझं शिलाई मशीन सुखरूप पोचल्याचं तू कळवलंस, पण ते चालतंय कसं हे काही कळवलं नाहीस. चालत असेल तर सध्या फार चालवू नकोस. काळजीसारखं काही नाही, सहज म्हटलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी फोन घेतला की ही हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसते. तेव्हा पत्रच बरं. पत्र कसं, आपल्या दोघांतच राहतं.

तर आमचं कपडे धुवायचं मशीन बंद पडलंय. बटण दाबलं की दिवा लागतो, जरा वेळ गुरगुरतं, आणि मग पाण्याची वाट बघत बसतं. पाणी काही येत नाही. आता तू म्हणशील, घरात दुरुस्तीवाला असताना मशीन बंद राहतंच कसं? हीसुद्धा हेच म्हणते, फक्त जरा मोठ्यानं. पण बाबांची शिकवण तुला आठवत असेल: आधी पुस्तक उघडायचं, मग मशीन. जन्मभर मी पुस्तक समोर धरल्याशिवाय कुठल्या स्क्रूला हात लावलेला नाही. आणि नेमकं याच मशीनचं मॅन्युअल जागेवर नाही. म्हणजे जागा आहे, मॅन्युअलही कुठेतरी आहेच, पण त्या जागेवर ते नाही. माझं मलाच धड कळत नाहीये, तेव्हा सुरुवातीपासून सांगतो.

माझ्या कामाच्या खोलीत पुस्तकं किती साठली आहेत हे तू पाहिलं आहेसच. पंख्यांची, पंपांची, मिक्सरची, इस्त्र्यांची मॅन्युअलं. शिवाय बेअरिंगच्या मापांचा तो जाडजूड ग्रंथ, वायरिंगचं पुस्तक, आणि भंगारवाल्यानं फुकट दिलेलं एका जहाजाच्या इंजिनाचं. (जहाज अजून कोणी दुरुस्तीला आणलेलं नाही, पण उद्या आणलं तर?) भाऊजी मागे आले होते तेव्हा म्हणाले होते, सरळ एक कपाट घे. मी ते मनावर घेतलं नाही. कपाटात गेलेलं पुस्तक पुन्हा बाहेर येत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा मी आधी फळ्या ठोकल्या. फळ्यांवर पुस्तकं लावायची कशी, इथे पहिला घोळ झाला. पंख्याचं पुस्तक मोटरमध्ये लावायचं की हवेत? इस्त्री कपड्यांत धरायची की उष्णतेत? पंप तर पाणी, मोटर आणि शेजाऱ्याशी भांडण, अशा तिन्हींत बसतो. मी उंचीप्रमाणे लावून पाहिली, तेव्हा जहाजाशेजारी मिक्सर आला. मग रंगाप्रमाणे लावली, तर सगळी तेलकट होऊन एकाच रंगाची झालेली. अशात भिंतीला ओल आली, खालच्या रांगेला कसर लागली, आणि मी सगळी पुस्तकं उचलून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. त्यावर ही काय बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आणि मग मला ती युक्ती सुचली. ताई, खरं सांगतो, सुचली तेव्हा मी एकटाच खोलीत हसलो. प्रत्येक पुस्तक ज्या मशीनचं आहे त्याच्याच आत ठेवायचं! ओल नाही, कसर नाही, धूळ नाही, आणि शोधाशोध तर नाहीच नाही. मशीन बिघडलं की त्याचं पुस्तक त्याच्यापाशी हजर. मी प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी घातली आणि आठवडाभर खपून एकेकाला आपापल्या मशीनच्या पोटात नीट बसवलं. कुठलं कशात ठेवलंय याची यादी करावी असं एकदा मनात आलं होतं. पण ती यादी कुठे ठेवायची, हे ठरेना.

या व्यवस्थेत दोन बारीक खोड्या निघाल्या. एक म्हणजे, मशीन उघडायचं तर मॅन्युअल लागतं आणि मॅन्युअल काढायचं तर मशीन उघडावं लागतं. हे मी हिला समजावून सांगितलं, तेव्हा ती "बरं" म्हणून भांडी घासायला निघून गेली. (तिला पटलं असावं.) दुसरी खोडी अशी की खोलीतली निम्मी मशीनं गिऱ्हाइकांची होती, आणि ती पोटातल्या पुस्तकासकट आपापल्या घरी गेली.

त्यातला तो कोपऱ्यावरचा शिंपी. त्याचं मशीन मी झकास करून दिलं होतं. चार दिवसांनी येऊन म्हणतो, शिवताना आत कोणीतरी पानं उलटतंय असा आवाज येतो. मी म्हटलं, सुरुवातीला येतो, मग जातो. आवाज गेला खरा, कारण त्यानं मशीन उघडून पुस्तक बाहेर काढलं. पण तेवढ्यावर थांबावं की नाही? त्यानं ते पुस्तक वाचलं! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. आता आख्ख्या गल्लीची शिलाई मशीनं त्याच्याकडे दुरुस्तीला जातात. परवा रस्त्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, काही अडलं तर विचारत जा." मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! आणि खरं सांगायचं तर विचारायचंही होतं, पण अभिमान आड आला.

मी काय सांगत होतो? हां, आमचं मशीन. ते भिंतीपासून पुढे ओढलं, तेव्हाच पाठ धरली. मागचा पत्रा समोर होता, मॅन्युअल त्याच्या आत होतं, आणि मॅन्युअलशिवाय पत्रा काढायचा नाही, म्हणून मी स्टूल घेऊन त्याच्यासमोर विचार करत बसलो. मागे भिंतीला एक नळ आहे आणि त्याला एक पाइप लावलेला आहे. त्यालाही मी बोट लावलं नाही. माहिती नसताना उगाच कशाला? माझा विचार चालू असतानाच ही स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली, चारही स्क्रू फिरवले, आत हात घातला आणि पिशवी माझ्या मांडीवर टाकली. आत निळ्या कव्हरचं मॅन्युअल. मी आनंदानं उघडलं, तर पहिल्याच पानावर सुईत दोरा कसा ओवावा याचं चित्र.

ताई, ते तुझ्या शिलाई मशीनचं होतं. दोन्ही मशीनं एकाच कंपनीची, कव्हरं सारखी, आणि त्या दिवशी दोन्ही एकदमच उघडी होती. आता आमचं कुठे असेल, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात यायला दोन दिवस लागले. तोवर मी खोलीतलं यच्चयावत मशीन उघडून सगळी पुस्तकं बाहेर काढली आणि पुन्हा फळ्यांवर मांडली, आणि तरीही ते सापडलं नाही.

ही म्हणते, येत्या रविवारपर्यंत मशीन सुरू झालं नाही तर कपडे कायमचे हातानं धुवायचे. तसं असेल तर ते वाळत घालायला जागा हवी, म्हणून माझी खोली रिकामी करायची. दोऱ्या तिनं आणून ठेवल्याही आहेत. ताई, ती खोली गेली तर मी दिवसभर कुठे बसू? बैठकीत बसलो तर माणसं काय चाललंय म्हणून विचारतात. त्या खोलीत मला कोणी काही विचारत नाही. तसा हिच्या धुण्यात दोष नाही. हातानं धुतल्यापासून माझे सदरे मशीनपेक्षा स्वच्छ निघतात. पण खोली जाता कामा नये.

असो. माझं काही नाही, तुझ्या गुडघ्याची काळजी घे. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
खिळ्या

ता. क. तुझ्या मशीनच्या तळाचा पत्रा काढ. आत पिशवीत आमचं मॅन्युअल आहे. मिळेल त्या टपालानं रविवारच्या आत पाठव. मी पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच.

आणखी ता. क. तो पत्रा कसा काढायचा हे तुझ्या मॅन्युअलमध्ये आहे, आणि ते माझ्याकडे आहे. मी ते आधी पाठवतो, मग तू पत्रा काढ. की तू मशीनच इकडे पाठवतेस? पण मग मी तुला काय पाठवू? माझं डोकं चालेनासं झालंय.

आणखी एक. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. ते पुन्हा कपाटाचं काढतील. पाठीमुळे बाहेर पडवत नाही, म्हणून पाकीट चिकटवायला आणि टपालात टाकायला हिच्याकडे देतोय.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायच्या आधी चार ओळी मी लिहिते. मशीनला काही झालेलं नाही. मागचा नळ बंद होता. भिंत पुसताना मीच बंद केला होता आणि उघडायची विसरले. दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं आणि उघडला. हे दुपारी पाठ शेकत पडतात, तेव्हा मी कपडे मशीनला लावते. रोज धुतलेला सदरा घालतात, पण तो कुठून येतो हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. यांना एवढ्यात कळवू नका. शोधण्याच्या नादात सगळी पुस्तकं फळीवर गेली आहेत, आणि लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या खोलीची फरशी मला पहिल्यांदा दिसली. फरशी हिरवी आहे. दोऱ्या गच्चीसाठी आणल्यात. खोली मला नको. हे तिथे बसतात म्हणून बाकीचं घर माझं आहे. पुस्तक पाठवा, पण सावकाश, आठ-पंधरा दिवसांनी. तोवर कपाट येतंय. पैसे मी भाऊजींना पाठवलेत, कपाट तेच धाडतायत. आणि तळाचा पत्रा काढायला मॅन्युअल लागत नाही. सुरीचं टोक पुरतं.