पानावरचा तो नंबर कोणाचा

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात मोबाइल पोचला नव्हता, म्हणून मी आज काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी चंद्रपुरात राहते आणि वेबसाइटची पानं तयार करते. आई मात्र अजून तिथेच आहे, जंगलाला लागून असलेल्या, गावातल्या शेवटच्या आपल्या घरात. तिची नजर आता फार अंधुक झालीय. मी तिला बोलणारा फोन शिकवलाय: बोट फिरवलं की पानावर जे लिहिलंय ते तो वाचून दाखवतो. यंदा उन्हाळा लागताना मागच्या नाल्यात वाघ फिरू लागला. आधी बकऱ्या गेल्या, मग गावातला मोठा कुत्रा. कुत्र्याचा तर आवाजही कोणी ऐकला नाही. लोक दिवसासुद्धा दोघं-तिघं मिळून बाहेर पडत. पण मोहफुलं पहाटे गळतात आणि ती गळायची थांबत नाहीत.

एका सकाळी आईचा फोन आला. शेजारची काकू उजाडायच्या आधीच मोह वेचायला गेली होती, अन् ऊन वर आलं तरी परतली नव्हती. "मी कधीची फोन लावून राह्यली वनवाल्यायले," आई म्हणाली. "त्यायचं आपल्या भागाचं ते पान उघडलं. फोन म्हणते, चित्र. पुन्हा बोट ठेवलं, तर पुन्हा चित्र. खाली एक नंबर बोलला, तो लावला. नुसता वाजून राह्यला. काऊन उचलत नाई कोणी?" मी ते पान उघडून पाहिलं. बचाव पथकाचा नंबर एका रंगीत पोस्टरच्या फोटोत होता. डोळ्यांना छान दिसत होता, पण फोनच्या लेखी ते नुसतं चित्र. पानावर अक्षरांत लिहिलेला, दाबला की लागणारा नंबर एकच होता: तळाशी, वेबसाइटचं हे पान बनवून देणाऱ्या दुकानाचा. ते दुकान सकाळी उशिरा उघडायचं. आई इतका वेळ एका बंद दुकानाला फोन लावत बसली होती.

पथकाला मीच फोन केला. ते लगेच निघाले. आधी नाल्याच्या अलीकडे टोपली सापडली, फुलांनी अर्धी भरलेली. मग पुढे काकू, वाघानं मारलेली. तोवर बराच वेळ झाला होता. लवकर कळलं असतं तर ती वाचली असती की नाही, सांगणं कठीण, असं पथकवाले म्हणाले. त्या दिवसापासून आई मागचं दार उघडत नाही.

मला तुमच्या वनखात्यातल्या नोकरीचे दिवस आणि नाक्यावरचा आपला क्वार्टर आठवतो. वायरलेसची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त एक पडदा. वणव्याचे दिवस आहेत, आई भाकरी थापतेय, मी ताटासाठी हट्ट करतेय. सेटवर एक माणूस ओरडतोय, "आग लागली, लवकर माणसं पाठवा!" आणि तुम्ही पुन्हा पुन्हा विचारताय, "कोण बोलून राह्यला? कुठून?" मी ताट आपटलं तसे तुम्ही पडद्याआडून माझ्यावर ओरडलात, "चूप!" तुमचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मग सेटच बंद पडला. तो माणूस सापडला का, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

काकूचं सगळं आटोपल्यावर मी वनखात्याच्या कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, "पान तं चांगलं दिसते म्याडम. नंबर केवढा मोठा हाय." मी बोलणारा फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "डोळे मिटा, अन् पथकाले फोन लावा." त्यांनी बोट फिरवलं. चित्र. पुन्हा फिरवलं. चित्र. तिसऱ्यांदा दुकानाचा नंबर बोलला. त्यांनी डोळे उघडले, फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमीच नीट करून टाका."

काम फार मोठं नव्हतं, बाबा. वेबसाइटची पानं ज्या संगणकी भाषेत लिहितात तिच्यात 'अ‍ॅड्रेस' नावाची एक खूण असते. लोकांना वाटतं ती कुठल्याही पत्त्यासाठी आहे. तशी ती नाही. हा मजकूर ज्याचा, त्याला कुठे गाठायचं, एवढंच त्या खुणेत ठेवायचं असतं. जुन्या पानावर बंद पडलेले नाके, विश्रामगृह, नकाशातली गावं, सगळं त्याच खुणेत कोंबलेलं होतं. मी ते उपसलं. प्रत्येक पथकाचा वेगळा मजकूर केला आणि त्याच्या आत त्याचाच अ‍ॅड्रेस. नंबर अक्षरांत लिहिला, दाबला की लागेल असा. लोकांना दिसणारे आकडे मराठीत ठेवले, मागे फोनला कळणारे इंग्रजीत. 'इथे दाबा' असं न लिहिता 'वाघ दिसल्यास पथकाला फोन लावा' असं लिहिलं, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण कोणाला फोन करतोय ते कळावं. दुकानाचा नंबर तळाशीच राहिला, पण त्याच्या आधी लिहिलं: या पानात चूक असल्यास.

पावसाळा सरता सरता एका दुपारी आईला मागच्या भिंतीपलीकडे श्वास ऐकू आला. बकरीचा नव्हे, माणसाचाही नव्हे. तिनं पान उघडलं, दाबलं, आणि पहिल्याच घंटीला पथकातल्या माणसानं उचललं. "बाई, दार लावून आत बसा, निघालोच आम्ही." ते आले तेव्हा भिंतीलगतच्या चिखलात पंजांचे ताजे ठसे होते, आणि एके ठिकाणी वाघ बराच वेळ बसून राहिल्याची खूण. त्यांनी कॅमेरे लावले, पिंजरा ठेवला. पिंजरा आजही रिकामा आहे. कॅमेऱ्यात तो दोनदा दिसला, दोन्ही वेळा आपल्या घराकडे तोंड करून. पथकवाले रोज फेरी मारतात, आईच्या फोनवर हाक देतात. ती घर सोडायला तयार नाही. "इथीच तुझे बाबा गेले, मी कुठी जाऊ?" म्हणते.

हे तुम्हाला लिहिलं, पण पाठवायचं कुठे? घडी करून कपाटात ठेवीन. आईला मात्र एक गोष्ट सांगितलेली नाही. मी दर रविवारी तिच्याकडे जाते आणि काम आहे म्हणून ऊन असतानाच निघते. काम काही नसतं. त्या घरात रात्र काढायची मला भीती वाटते, आणि तिला तिथे एकटं सोडून मी परत येते.